खालचा वर्ग

"गणपत, आज जिना झाडू नकोस. ही आली की आपोआप झाडून निघतो."

बाई शिपायाला म्हणाल्या. मी तेव्हा जिन्याच्या मध्यावर बसले होते. वरच्या मुली हसल्या, खालच्या हसल्या. गणपतही हसला. माझा परकर मागून धुळीने भरला होता आणि तो झटकायला एकही हात मोकळा नव्हता.

मी ठाण्याजवळच्या कोपरीची. आमची माणसं मिठागरातली. लहानपणी ताप आला, आणि जाताना उजवा पाय घेऊन गेला. सपाट जमिनीवर काठीने चालता यायचं. जिन्यावर काठी उपयोगाची नाही. तिथे पायरीवर बसायचं, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलायचं. पुन्हा हात. पुन्हा अंग. शाळा नौपाड्यात, वर्ग माडीवर. बा रोज खांद्यावर बसवून फाटकापर्यंत आणायचा आणि तिथूनच मिठागराकडे वळायचा. शाळेच्या आत यायला तो लाजायचा.

जिना झाडण्याचं मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बा आत आला. मोठ्या बाईंसमोर टोपी हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "बाई, पोरीला जिना चरता येत नाय. तिचा वरग खाली बसवा."

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "एका मुलीसाठी शाळा खालीवर होत नसते."

बा बरं म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, त्या शिकलेल्या हायेत, त्यांचं खरं असंल. मीही खरं मानलं. वर्षभर मानलं.

जूनमध्ये सातवीत गेले. बघते तर सातवीचा वर्ग तळमजल्यावर. उंबऱ्यावर फळी टाकून उतारसुद्धा केलेला. मला वाटलं, बाचं बोलणं मोठ्या बाईंच्या मनात राहिलं असणार. मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. बाईंनी हजेरीत बघितलं आणि सांगितलं, तू ब तुकडीत. ब तुकडी वर. खाली फक्त अ.

वर्ग खाली आणायचं कारण होती नलिनी. वकिलांची मुलगी, दादरहून ठाण्याला राहायला आलेली. तिलाही तोच ताप आलेला. तिचाही उजवाच पाय. ती टांग्यातून यायची, आणि टांगा थेट अंगणात यायचा. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. बाकावर उशी. पाणी आणून द्यायला मुली नेमलेल्या.

मी तिच्यावर जळले. असं जळले की दुसरं काही सुचायचं नाही. त्या पट्ट्यांचा आवाज खालून माडीवर यायचा आणि माझं गणित चुकायचं. घरी पाय धुताना मी दोन्ही हातांनी पोटरी आवळून धरायची. तो बूट घातला तर असंच वाटत असेल का, बघायची. तिच्या रेशमी फितीचा हेवा नव्हता, टांग्याचा नव्हता. तिच्या पायाचा होता. लंगड्या पायाचाही हेवा करता येतो, हे मला तेव्हा कळलं.

एकदा ती अंगणात पडली. सगळ्या बाई धावल्या. मोठ्या बाईंनी स्वतः आयोडीन लावलं. माझ्या तळहातांना घट्टे पडले होते. ते कुणी कधी बघितले नव्हते.

आधी मी समजत होते, माझा पाय असा आहे म्हणून मला जिना आहे. नलिनीचा पाय तसाच होता. तिला जिना नव्हता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शाळेची तपासणी करायला साहेब आले. मोठ्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, आज जिन्यावर दिसायचं नाही. मधल्या सुट्टीत मी उतरले. अंगणात साहेब नलिनीजवळ उभे होते. अशा मुलींसाठी आम्ही वर्गच खाली आणला, असं मोठ्या बाई सांगत होत्या. साहेब छान म्हणाले.

मी शेवटच्या पायरीवर बसून म्हटलं, "साहेब, मीपण अशीच आहे. माझा वर्ग वर आहे."

आवाज मोठा नव्हता. ऐकू मात्र सगळ्यांना गेला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं, मग घड्याळाकडे. गेले.

मग बोलणी बसली. मी शाळेची लाज घालवली होती. उद्या बापाला आण आणि माफी माग.

बा घाबरला. नाव कापतील बाय, म्हणाला. सकाळी मी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं आणि सरळ खालच्या वर्गात जाऊन जमिनीवर बसले. बाईंनी वर जायला सांगितलं.

"नाही," मी म्हटलं.

गणपतला बोलावलं, हिला उचलून वर ने. तो जवळ आला. मी काठी आडवी धरली. तो तसाच उभा राहिला. नलिनी बाकावर सरकली आणि हळूच म्हणाली, "इथे बस ना, माझ्या उशीवर." ती मनापासून बोलत होती. त्याचाच जास्त राग आला. उशी तिची होती, ती ती देऊ शकत होती. जागा शाळेची होती. मला ती शाळेकडून हवी होती.

मी शाळा सुटेपर्यंत हलले नाही. शेवटी मोठ्या बाई दारात आल्या. म्हणाल्या, "राहू दे तिला. बसेल दाराशी जमिनीवर." मग माझ्याकडे वळल्या. "पण उपकार विसरू नकोस."

मी उपकार मानले नाहीत. नलिनीच्या बाकावर अर्धी जागा रिकामी होती आणि मी चपलांजवळ बसले होते. तिच्याकडे बघून पोटात तसंच पेटत होतं. ते विझू नये, असं मला वाटलं. विझलं असतं तर मी चपलांजवळच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी काठीवर उभी राहिले आणि बाक मागितला.