विजापूरच्या दरवाजात आप्पांची हाक

वडिलांना, म्हणजे आप्पांना, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. "नजर हाय तवर काय बघायचंय?" मी विचारलं. मला वाटलं, काशी म्हणतील. म्हणाले, "इजापूरचा दरवाजा. हत्तीलाबी हटला न्हाई म्हणत्यात." तरुणपणी ताम्हिणीच्या धाब्यावर कुणा ट्रकवाल्यानं सांगितलेलं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. मी मेली आज-उद्या करत राहिले. पिरंगुटच्या कारखान्यात सुट्टी मिळेना, मग भातलावणी, मग भाडेकरूंच्या कटकटी. जायला संक्रांत उजाडली.

दरवाजासमोर उभी राहिले आणि बाई गं! मान वर गेली ती खाली येईना. एकेक चिरा आमच्या म्हशीएवढा. जाडजूड फळ्यांवर लोखंडी अणकुच्या, हत्तीनं कपाळ लावलंच तर रक्तबंबाळ व्हावं अशा उंचीवर. माझं तोंड एरवी बंद होत नाही. तिथं झालं.

आप्पांनी चपला काढल्या, वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. घरी ते कुणाच्याही दारात असंच करतात. दरवाजाशेजारी बसलेला पेरूवाला हसला, "बाबा, ये मंदिर नहीं है."

"दार हाय न्हवं? आत घेतंय, मग पाया पडाया नको?"

"आप्पा, ते खिळे बघा की वर!" मी खेकसलेच, कारण ते भलतीकडंच तोंड करून उभे होते. ते चाचपडत कमानीखाली गेले, तोंडाशी हात धरला आणि मोठ्यानं हाक दिली, "हूऽऽऽ!" आमच्याकडं धुक्यात गुरं वळताना पुढं कडा किती लांब आहे, ते असंच ओळखतात. हाक वर गेली, घुमली, परत आली. कबुतरं उडाली. आप्पा कान देऊन ऐकत राहिले.

"आयायाया! केवढं हाय हे! कुणाच्या हातांनी रचलं असंल गं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आप्पा, दिसत न्हाई तुमाला?"

"न्हाई."

"कवापासनं?"

"भात कापलं तवापासनं. तुझं तोंडबी न्हाई दिसत."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं, तर आणलं असतंस?"

खरं सांगते, नसतं आणलं.