दहा गुंठ्यांची शिस्तबद्ध भांगलण

जुलैचा दुसरा रविवार, सकाळचे आठ. ठिकाण: मुरगूडजवळचं आमचं दहा गुंठे रान. हजर: मी, आमचे हे, जयसिंगपूरहून आलेल्या नणंद सुमनताई आणि सासूबाई. बांधावर: धाकटे दीर बापूभावजी (काम न करण्यासाठी हजर). त्या दिवशी आम्ही आमचंच पीक मुळासकट उपटलं.

रानात सासूबाईंनी तूर, मूग, चवळी, उडीद, नाचणी, अंबाडी असं बारा प्रकारचं बी एकाच बुट्टीत मिसळून पेरलं होतं. "पाऊस कसा बी वागू दे, काय ना काय हाताला लागतंयच की!" बापूभावजींना मात्र तिथे ऊस हवा होता. "वैनी, दिवाळीपतूर तेलाचा एक डबा भरून धान्य दावा, रान तुमचं. न्हाय भरला तर ऊस!"

"चालेल," मी म्हणाले. (हातात यादी असली की मला काहीही चालतं.)

पेरणीनंतर पावसाने दडी मारली, मग अचानक बरसला, आणि पिकाआधी तणच कमरेला लागलं. म्हणून भांगलण, म्हणजे बसून तण काढणं. मी दोऱ्या बांधून रानाच्या चार पाती पाडल्या, माणशी एक. शहरात राहिलेल्या माणसांना बारा पिकं कुठून ओळखू येणार? म्हणून प्रत्येकाला एकेकच पाठ करायला दिलं: मला तूर, ह्यांना मूग, सुमनताईंना चवळी, सासूबाईंना उडीद. दुसरं काही दिसलं तर सासूबाईंना विचारायचं.

"आई, हे ठेवू का?"

"आई, हे गवत हाय का नाचणी?"

"आई, ह्याला फूल आलंय, ह्याचं काय करू?"

"आरं, मला बसू देताय का न्हाय!"

अर्ध्या तासात एकही पात हातभर पुढे सरकेना. मी शिट्टी वाजवली. (होय, शिट्टी नेली होती.) "हाका बंद! आपापलं पीक ठेवा, बाकी सगळं उपटा!"

मग काय वेग आला म्हणता! सुमनताईंनी त्यांच्या पातीतली तूर उपटली, मी माझ्या पातीतली चवळी. ह्यांनी तर नाचणीचा असा फडशा पाडला की मला अभिमान वाटला! सासूबाईंनी तेवढं आपल्या पातीतलं दोन भारे गवत म्हशीसाठी कापलं आणि आंब्याखाली पान लावत बसल्या. मी वहीत लिहिलं: 'चौथी पात, काम अपूर्ण.'

दुपारी रान इतकं नीटनेटकं दिसत होतं की मी फोटो काढला. बापूभावजींनी ह्यांच्या पातीतलं एक रोप खुडून हुंगलं.

"दादा, ह्यो मूग न्हवं. टाकळा हाय, टाकळा!"

"सगळाच?"

"सगळाच की! एवढं निगुतीनं तण जपलेला माणूस म्या आजवर बघितला न्हाय."

पुढे आठ दिवस आभाळ फाटलं. माझी तूर साचलेल्या पाण्यात पिवळी पडून गेली. नंतरच्या उघडिपीत सुमनताईंची चवळी माव्याने खाल्ली. ह्यांचा टाकळा मात्र जोमात होता! आणि सासूबाईंच्या अपूर्ण पातीत मूग कुजला, पण नाचणी तरली. तूर गेली, पण उडीद आणि अंबाडी उभी राहिली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बापूभावजींनी त्या एका पातीचं धान्य स्वतः डब्यात ओतलं. हलवलं, आपटलं, पुन्हा हलवलं. डबा काठोकाठ भरला.

"रान तुमचं, वैनी," ते म्हणाले. "म्हंजे, आईचं."

डब्यातलं ते मिश्र धान्यच सासूबाई येत्या पावसाळ्यात बियाणं म्हणून तसंच एकत्र पेरणार आहेत. मी सध्या ते निवडून, चिठ्ठ्या लावून वेगवेगळ्या बरण्यांत भरते आहे. अर्धा डबा झाला, अर्धा राहिलाय. आणि तो झाला की सगळं पुन्हा मिसळायचं काम बाकी आहे.