अण्णांचं पत्र आणि भरलेली मेमरी

अण्णांचं पत्र निघालं की आमचा सर्व्हर मान टाकायचा.

सर्व्हर कसला, मराठी मंडळाने भाड्याने घेतलेलं एक किरकोळ मशीन. त्यावर मंडळाची मेलिंग लिस्ट चालते. एका पत्त्यावर मेल टाकली की सगळ्या सभासदांना जाते. पोटासाठी मी बेळ्ळंदूरला एका कंपनीत असलीच मशीनं सांभाळते, म्हणून हे लोढणंही माझ्याच गळ्यात. अण्णा मारतहळ्ळीच्या आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. आजोबांपासून इथले, म्हणून बोलण्यात कानडी शब्द मिसळलेले. रोज सकाळी लिस्टवर पत्र लिहितात. कुणाला नातू झाला, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, भाजणी कुठे चांगली मिळते. सोबत एक फोटो. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नाही, त्यामुळे फोन बाद. लोकांशी बोलणं जे काय ते या पत्रांतून.

आणि मंडळाने निर्वाणीचं कळवलं, "पुन्हा बंद पडलं तर लिस्ट गुंडाळू. व्हॉट्सॲप आहे की!"

"तिथं पत्र कोण वाचतंय? नुसते अंगठे दाखवतात," अण्णा म्हणाले.

शनिवारी मी मशीनच्या मागेच लागले. एरवी एक मेल मेमरीत ठेवून तीच सगळ्यांना पाठवता येते. पण अण्णांच्या हट्टाने प्रत्येक पत्रावर त्या त्या सभासदाचं नाव असायचं. प्रिय अमुक, प्रिय तमुक. म्हणजे माणसागणिक वेगळी प्रत, फोटोसकट, आणि सगळ्या प्रती एकदम मेमरीत. जीव तो केवढा मशीनचा! कोलमडणार नाही तर काय?

खाली गेले आणि लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, नावं काढावी लागतील.

"छे! नाव न घालता पाठवलं तर ते पत्र कसलं? ते हँडबिल."

माझं डोकं फिरलं. "अहो अण्णा, मग लिस्टच जाईल!" मी ओरडले. तेवढं मात्र त्यांना ऐकू गेलं असावं. चष्मा काढून पुसत राहिले.

"सरी, ठीक आहे. काढ."

दारापर्यंत सोडायला त्यांच्या बायको, आमच्या अक्का आल्या. हळूच म्हणाल्या, "यांना कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही गं. म्हणून लोकांना नावाने हाक मारायची एवढी हौस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला ओरडले मी?

नावं काढायला बसले खरी, पण हात धजेना. आणि मग डोक्यात आलं, आपल्याकडे कार्यात सगळ्यांना एकदम कुठे जेवायला बसवतात? पंगती उठवतात. थोड्या नावांची पत्रं करायची, पाठवायची, मेमरी मोकळी करायची, मग पुढची पंगत. वेळ लागेल, लागू दे. कुणाची गाडी सुटणार आहे?

रविवारी अण्णांनी पत्र टाकलं. स्क्रीनवर मेमरीची रेघ जराशी वर गेली, खाली आली, परत जराशी वर. मशीन निवांत. मी एकटीच टाळ्या पिटल्या आणि धावत खाली जाऊन लिहून दाखवलं, पंगती उठवल्यासारखी थोडी थोडी पत्रं जातील, नावं राहतील, पण शेवटच्या माणसाला पत्र मिळायला दुपार होईल.

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "माझं नाव शेवटी टाक."

"का?" मी हातानेच विचारलं.

"पंगती उठल्याशिवाय घरचा माणूस जेवतो का?"

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी जिन्यातून अक्कांची हाक येते, "अगं, यांचं पत्र पोचलं का बघ! पानावर बसत नाहीत, सारू-भात गार होतोय!"

"स्वल्प थांबा अक्का, शेवटची पंगत बसलीय!"

परवा मी खालीच होते. पत्र आलं. सकाळी स्वतःच लिहिलेलं, शब्द न् शब्द पाठ असलेलं. अण्णांनी ते उघडलं, सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मग "ओ" म्हणाले आणि जेवायला उठले.