खोटे चार दिवस

सासूबाईंशी मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोलले, आणि तेही दर महिन्याला.

आमच्या घरात अजून पाळीचे चार दिवस पाळतात. देवघर आणि स्वयंपाकघर बंद. मी माधव नगरच्या शाळेत मुलींना विज्ञान शिकवते आणि घरी येऊन त्या दिवसांत बाजूला बसायचे. लग्नानंतर दोन वर्षं यावरून भांडले, मग थकले. पुढे, खरं सांगायचं तर, ते दिवस मला आवडायला लागले.

पन्नाशी उलटली आणि पाळी लहरी झाली. दोन महिने गायब, मग आठवडाभर मुक्काम. अंगातून वाफा निघायच्या, फळ्यावर लिहिताना ब्लाउज पाठीला चिकटायचा. नवऱ्याच्या चहा भुरकण्याचाही राग यायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीनंतर तर पाळी आलीच नाही.

मे महिन्यात पोळ्या लाटताना अशी वाफ चढली की गॅस बंद करून मी भिंतीला टेकले. सासूबाई दारात आल्या, काय झालं म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, अडचण आली." आणि मी बाहेर कूलरसमोर जाऊन बसले. फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच सांगितलं, मग तारीख लक्षात ठेवून सांगायला लागले. पाळी गेली हे कबूल करायची लाज वाटायची, हे खरं आहे. पण मुख्य कारण आराम. एकोणऐंशी वर्षांची बाई गुडघे धरत वरणभात करायची, ताट दुरून सरकवायची, आणि मी निमूट जेवायचे.

त्या मात्र काळजीत पडल्या. या वयात इतकी नेमाने कशी? त्यांची धाकटी बहीण उतारवयात अशाच न थांबणाऱ्या रक्तस्रावाने गेली होती. यंदा मार्चमध्ये त्यांनी मला न विचारताच लेडी डॉक्टरकडे नंबर लावला. मी शाळेचं निमित्त काढलं, डोकेदुखीचं काढलं, पण त्यांनी ऐकलं नाही. स्वतः सोबत आल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, इथल्याच हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "लास्ट पीरियड कब आया था?" माझ्याआधी सासूबाईंनीच सांगून टाकलं की गेल्या आठवड्यात, आणि दर महिन्याला असतेच. डॉक्टर गंभीर झाल्या. सोनोग्राफी करू, आतला तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणाल्या. सासूबाईंनी माझा हात धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साल से ऊपर हो गया," मी म्हणाले. "बीच में कुछ नहीं आया. मैं घर में झूठ बोल रही थी."

मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. वाटलं, आता सासूबाई उठून जातील. पण त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"मतलब, इसको कुछ नहीं है ना?"

डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझी पिशवी स्वतःच उचलली.

ऑटोत मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या. माझं ऐकायच्या आधीच म्हणाल्या, "तू सहीसलामत निघालीस तर रामघाटावर शिप्रा नदीची ओटी भरीन, असं बोलून बसलेय मी. तू पण चल सोबत. आता तुला कुठल्याही दिवशी चालतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला निदान रागावता आलं असतं.