तपासणीच्या आठवड्यातला माणूस

माझ्या छातीत धातूची झडप आहे. मूळची लहानपणीच्या तापाने बिघडवली होती, ती चाळिशीत बदलली. नवी टिकटिक करते. पाहुण्यांना ऐकू आली नाही, तर मी तोंड उघडून दाखवतो, मग स्पष्ट येते. माझा हा प्रयोग नातेवाइकांत फार गाजलेला आहे.

या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. कुणाला अर्धी पुरते, कुणाला दोन लागतात. चेहरा पाहून सांगता येत नाही. म्हणून दर महिन्याला घाटंजीहून एसटीने यवतमाळला जाऊन रक्त द्यायचे. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा; कमी म्हणजे रक्त घट्ट. तो पाहून माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाई पाव गोळी इकडेतिकडे करत.

पालेभाजीने गोळीचा जोर उतरतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. आणि मी तर हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीवर जीव टाकणारा! मग युक्ती काढली. तपासणीआधी आठ दिवस पालेभाजी बंद, पाहुणे यायच्या आधी घर आवरतो तसे. आकडा देखणा यायचा. बाई "शाब्बास, काका" म्हणायच्या आणि मी बसमधून उतरलो की थेट भाजीबाजारात.

एका हिवाळ्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला यवतमाळला गेलो. तपासणीला अजून पंधरा दिवस होते.

"आलोच आहो तर रक्त देऊन टाका," बायको म्हणाली.

"आज नको."

"काहून? रक्त आज सुट्टीवर आहे काय?"

आकडा दीड आला.

"काका, गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. ते खरेही होते.

"गोळ्या बराबर घेतात हे," बायको म्हणाली. "पण तपासणीच्या आधी आठ दिवस साधूचं सोंग, अन् बाकी महिनाभर बकरीसारखं चरून राह्यले."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे मी डोस कोणाले देऊन राह्यली होती, काका? महिन्यातून आठच दिवस असते त्या माणसाले? बाकीचे दिवस गाठ कधीही धरली असती."

माझे तोंड मिटलेले असूनही टिकटिक ऐकू येत होती, आणि या वेळी ती मीही ऐकत होतो.

त्याच दिवशी छातीची सोनोग्राफी झाली. झडप मोकळी होती. आकडा वर येईपर्यंत काही दिवस रक्त पातळ करणाऱ्या सुया पोटात टोचून घेतल्या.

"भाजी सोडू नका," बाई म्हणाल्या. "पण दर आठवड्याला सारखी खा. गोळी मी तुमच्या मापाची करते."

आता बुधवारी आणि रविवारी एक वाटी. दोन-तीन तपासण्यांत डोस बसला. पाव गोळी जास्त. आकडा तीनच्या जवळ असतो आणि तो माझा असतो.

परवा आणखी मावावी म्हणून मी वाटीतली भाजी बोटाने दाबून थोडी जागा केली. बायकोने चमच्याने ती वर उकरली, जास्तीची आपल्या ताटात घेतली आणि म्हणाली, "हं, आता उघडा तोंड. ऐकू द्या."