म्हशीची साक्ष

आमच्या गल्लीत मीच सगळ्यात मोठ्यानं बोलतो. त्यामुळे विद्यापीठानं शेजारच्या माळावर स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि महापालिकेनं त्यांना आणि आम्हाला आपल्या हॉलमध्ये समोरासमोर बसवलं, तेव्हा गल्लीनं एकमुखानं मला पुढं केलं. मला मुद्दे कळतात म्हणून नव्हे. हॉलमधला माईक बंद होता म्हणून.

नकाशा बघितला आणि माझं डोकंच फिरलं. स्टेडियमचं मोठं गेट बरोबर आमच्या कडुलिंबाखाली आलं होतं. त्या झाडाखाली माझी आई रोज संध्याकाळी म्हैस बांधते आणि लोकांच्या डोळ्यांदेखत धार काढते. माणसं ग्लास घेऊन थांबतात, फेसासकट दूध पितात, मिशा पुसतात, चार गोष्टी बोलतात आणि घरी जातात. आमच्याकडं याला दूधकट्टा म्हणतात. वडील गेल्यापासून आईला भेटायला जी माणसं येतात ती तिथंच. ती जागा गेली असती तर आई घरात बसून वाळली असती, आणि ते मला बघवलं नसतं, सरळ सांगतो.

वाटाघाटी महिनाभर चालल्या. दिवे नऊला बंद, हे ठरलं. मॅच सोडून इतर दिवशी भोंगा लावायचा नाही, हेही भांडून घेतलं. खुर्च्या कमी करा अशीही आमची मागणी होती, पण फुटबॉलचं नाव निघालं आणि आमचीच माणसं फितूर झाली. "कमी कशाला? मग आमी कुठं बसायचं?" एकानं तर पास मिळणार का म्हणून विचारलं. मी डोक्याला हात लावला.

गेटवर मात्र विद्यापीठाचे साहेब हलेनात. बाहेरून बदलून आलेले, बोलणं एकदम गोड. "गेट तिथेच सोयीचं आहे. तुमच्या मातोश्रींनी गेटच्या कडेला म्हैस बांधली तर आमची काही हरकत नाही."

मी उसळलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "गेटावर गर्दी येणार, ढोल येणार, भोंगा येणार. आमची म्हैस आवाज झाला की पान्हा चोरती. धारच निघणार न्हाय. मग आईनं काय करायचं?"

महापालिकेचे साहेब एवढा वेळ कागद चाळत होते. ते म्हणाले, "मग बघूया की. उद्या भोंगा लावून बघू."

घरी येऊन आईला सांगितलं. ती पेंड भिजवत होती. "तिला कशाला मधे घेतलास?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, घाबरली.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली ही गर्दी. मंडपवाल्यानं भोंगा आणलेला. आधी शांततेत धार काढायची, मग भोंगा लावायचा आणि फरक बघायचा, असं ठरलं. मी गल्लीला दम भरला होता की कुणी खोकलं तरी याद राखा. मी स्वतःही तोंड शिवून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

आईनं रेडकू लावलं, बाजूला ओढलं, सडं धुतली, चरवी गुडघ्यात धरली. थेंब नाही. परत रेडकू लावलं. थेंब नाही. म्हैस मान वळवून काहीतरी शोधल्यासारखी बघत होती. शेवटी महापालिकेच्या साहेबांनी खूण केली आणि भोंगा सुरू झाला. कुठल्या तरी जुन्या मॅचची कॉमेंट्री, वर ढोल. म्हशीनं डोळे मिटले, रवंथ सुरू केलं आणि चरवीत सर्र सर्र धार वाजायला लागली. माझी गल्ली आभाळाकडं बघायला लागली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आई भरलेली चरवी घेऊन उठली आणि विद्यापीठाच्या साहेबांच्या हातात ग्लास दिला. "पावणं, माझं पोरगं खोटं बोललं. म्हैस आवाजाला भीत न्हाय. ह्याच्याच आवाजात वाढलीया ती. रोज धारंच्या वक्ताला हा हितं उभा राहून फोनवर कुणाशी तरी भांडत असतोय. आज हा गप, म्हणून तिला वाटलं, घरात कोण तरी गेलं."

सगळे हसले. आई हसली नाही. "म्हशीचं जाऊ दे. ती गेटात बी उभी राहील. पण त्या गर्दीत मला कोण बघणार? माझी माणसं ह्या झाडाखाली येत्यात. एवढं झाड तेवढं ठेवा मला."

महिनाभर हॉलमध्ये इतकं साधं कुणी बोललं नव्हतं, मी तर नाहीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब दूध पीत राहिले. दुसरा ग्लास त्यांनी मागून घेतला. मग नकाशा काढला, टेबल नव्हतं म्हणून म्हशीच्या पाठीवर पसरला आणि पेन्सिलीनं गेट पलीकडच्या रस्त्याला नेलं.

आता स्टेडियम उभं आहे. मॅच असली की आईचं काम झटपट होतं. पण बाकीच्या संध्याकाळी सगळीकडं चिडीचूप, कारण भोंग्याची ती अट आम्हीच घालून घेतलेली. त्यात माझी फोनवरची भांडणंही वयानं कमी झालीत. मग म्हैस पान्हा चोरते, ग्लासवाली माणसं खोळंबतात आणि आई घराकडं तोंड करून हाक मारते, "ये रं, बोंबल जरा." मी पायात चपला सरकवून जातो आणि समोर कुणीही नसताना, गेट आमच्या झाडाखाली नको म्हणून भांडत उभा राहतो. चरवी भरेपर्यंत.