उजेडात नेऊन बघ

गिरगावातले तिकीटवाले काका नसते तर मी आज दादरच्या मॅचिंग सेंटरात नसतो, केव्हाच गावी परत गेलो असतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांना हसलो तरी कुणी गैरसमज करून घेणार नाही. जगातल्या कुठल्याही दोन वस्तू सारख्या असू शकतात हे अजिबात मान्य नसलेला असा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल. असलाच, तर काका भिंग घेऊन त्याच्याकडे जातील आणि दोघांतला फरक दाखवून परत येतील.

काका पोस्टाची तिकिटं जमवतात. असं म्हटलं की लोकांना वाटतं, देशोदेशीचे पक्षी, राजे, फुलपाखरं असतील. तसलं काही नाही. काकांकडे बहुतेक एकच तिकीट आहे, फक्त ते डबेच्या डबे भरून आहे. कापसाच्या बोंडाचं, तपकिरी, पूर्वी घरोघरच्या पाकिटांवर यायचं ते. मी कापसाच्या मुलखातला, म्हणून पहिल्यांदा बघितल्यावर कौतुकाने म्हणालो, "काका, ही सगळी सारखीच आहेत की." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सारखं हा आळशी माणसाचा शब्द आहे," ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत मला उठू दिलं नाही. एकाच्या कडेचे दाते बारीक, दुसऱ्याचे रुंद. एक काळ्या बशीत उलटं ठेवून वर बेंझिनचा थेंब टाकला की कागदातली खूण वर यायची, दुसऱ्यावर बाटली ओतली तरी काही नाही. एकाचा तपकिरी चहाचा, एकाचा कोकोचा. त्या खोलीत पंख्याला कायमची बंदी. तिकिटं उचलायचा चिमटा हाताला इतका सवयीचा की चिवड्यातले शेंगदाणेसुद्धा ते त्यानेच वेचतात. हल्ली पाकिटांवर तिकिटाऐवजी छापील पट्टी येते, त्याचं त्यांना सुतक आहे. चाळीतल्या जुळ्या मुलींना त्यांची आजीही चुकते, काका नाही. एकीला ते पहिली छपाई म्हणतात, दुसरीला दुसरी, आणि पोरी त्या नावांना ओ देतात. आता एवढ्या नजरेच्या माणसाला बायकोने आज कुठल्या रंगाची साडी नेसलीय ते मात्र सांगता येत नाही. "माझ्या पाठीवर खूण नाही ना उमटत," काकू म्हणतात.

काकूंच्या साडीपायीच ओळख झाली. मी आठवीत शाळा सुटलेला, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकणारा, दुकानात नवा. मालक म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर गाडीत बस. धाकटी बहीण माझ्या भरवशावर कॉलेजात शिकत होती, त्यामुळे कापडाचा प्रत्येक ताका मी दोनदोनदा ताडून बघायचो. काकूंच्या आमसुली साडीला मी ब्लाउजपीस काढून दिला. ट्यूबलाइटखाली दोन्ही अगदी एक. घरी गेल्यावर पीस वांगी रंगाचा निघाला. दुसऱ्या दिवशी काकू हजर, मागे पिशवी धरून काका. मालकांनी सगळ्यांदेखत मला झापलं, "डोळे गावी ठेवून आलास काय रे?"

"डोळे ठीक आहेत त्याचे," काका म्हणाले. "उजेड खोटा आहे तुमचा." आणि कुणी अडवायच्या आत साडी, पीस आणि मला घेऊन ते फुटपाथवर गेले. खिशातून भिंग काढून रस्त्यातच शिकवणी सुरू. माणसं जमली. मालक दारातून ओरडले, "अहो काका, धंद्याची वेळ आहे." काका वळलेसुद्धा नाहीत. मला म्हणाले, "रविवारी घरी ये."

मग प्रत्येक रविवारी गिरगाव. उत्तरेच्या खिडकीत बसायचं, दोन तिकिटं शेजारी ठेवायची आणि फरक सांगायचा. चुकलो तर काका रागवत नसत, नुसते पुढचं तिकीट ठेवत. काकू आतून मालवणीत म्हणायच्या, "मेल्या, आधी जेव, तिकिटां खंय पळतत?" माझी नजर तयार झाली, आणि तिनेच घात केला. साखरपुड्याची मोरपंखी पैठणी घेऊन एक ताई आल्या. मी ताक्यावर ताका दारात नेऊन बघितला आणि प्रत्येकाला म्हणालो, "ताई, हा नाही जुळत." शेवटी त्याच मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला विकायचंय की नाही?" आणि गेल्या. मालक शांतपणे म्हणाले, "बॅग भरून ठेव."

त्या रविवारी काकूंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि सगळं वदवून घेतलं. काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "चूक माझी. तिकीट अल्बमात एकटं बसतं रे. ब्लाउजपिसाला साडीशेजारी बसायचंय." काकूंनी कपाटातल्या सगळ्या साड्या पलंगावर मांडल्या आणि मला भिंतीला टेकून लांब उभं केलं. बाई चालताना जेवढ्या अंतरावरून दिसते तेवढ्यावरून बघ, म्हणाल्या, आणि काठ आधी बघ. काका त्या दिवशी तिकिटं सोडून बायकोच्या साड्या बघत होते. "ही कधी घेतलीस?" त्यांनी विचारलं. "तुमच्याच लग्नात," काकू म्हणाल्या.

दिवाळी आली. लांबून, आधी काठ बघून काढलेले माझे पीस तोवर परत यायचे थांबले होते. मालकांनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माझं टेबल तेवढं उचलून दाराशी, उजेडात ठेवलं.

आज बहीण नोकरीला लागलीय, मी अजून त्याच टेबलाशी आहे, आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. परवा त्यांनी एक तिकीट चुकीच्या गठ्ठ्यात ठेवलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी खाली. ऑपरेशनला ते तयार नाहीत. शिवाजी पार्कावर फिरायला येणाऱ्या त्यांच्या मित्राने डोळा करून घेतला, तर त्याला सगळे रंग धुऊन काढल्यासारखे लख्ख, वेगळेच दिसायला लागले म्हणे. "मग मी जन्मभर वेगळं केलं ते काय?" काका म्हणाले. एवढ्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण म्हणाले, तर डोळ्याची पट्टी निघेल त्या दिवसापासून मी मालकांकडे सुट्टी टाकून त्या खिडकीत बसणार आहे, आणि त्यांचा नवा डोळा सरावेपर्यंत एकेक तिकीट त्यांच्या हातात देऊन सांगणार आहे, काका, हे तुम्हाला पूर्वी असं दिसायचं.